हजाराच्या आतला गेमिंग हेडसेट: तुमच्या घरी तो नक्की कोण वापरतं?

गेल्या दिवाळीत मुलाच्या हट्टापायी हजाराच्या आतला एक वायरवाला गेमिंग हेडसेट घेतला. खोक्यावर ड्रॅगन, निळे-लाल दिवे, '७.१', '५० मिमी ड्रायव्हर' असा सगळा थाट. आठवडाभर गेम झाला, मग परीक्षा आली आणि हेडसेटचा ताबा घरातल्या एकेकाने घेतला. बायको त्यावर ऑफिसचं ऑनलाइन ट्रेनिंग करते, मी रात्री जुने क्रिकेट सामने बघतो. आईला भाचीशी व्हिडिओ कॉल लावून दिला, तर "शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं गं" म्हणून ती खूश. मुलगा आता फोनच्या स्पीकरवर खेळतो.

म्हणून हा धागा. तुम्ही तो कशासाठी वापरलात, किती टिकला, कुठे दगा दिला, ते लिहा. कंपनीचं नाव मात्र नको. मागे मिक्सरच्या धाग्यावर काय रणकंदन झालं ते आठवत असेलच.

सुरुवात माझ्या फजितीपासून. हेडसेटला एकच पिन, तिच्यावर तीन काळ्या रेघा. आमच्या जुन्या डेस्कटॉपला भोकं दोन, हिरवं आणि गुलाबी. हिरव्यात घातली, ऐकू आलं, पण माइक ठार मुका. दोन दिवस मी माल परत करायच्या तयारीत होतो. मग खोक्याच्या तळाच्या पुठ्ठ्याखाली दोन शेपट्यांची छोटी वायर सापडली. हिरवी शेपटी हिरव्यात, गुलाबी गुलाबीत, आणि माइक बोलू लागला. यूएसबीची आणखी एक पिन लोंबत असते, ती आमच्या हेडसेटला फक्त दिव्यांसाठी आहे. मी ती लावतच नाही.

पुणे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम

माझ्याकडे याच्या पाचपट किमतीचा ब्लूटूथ हेडफोन आहे, पण मीटिंगला हाच घेतो. ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, पण माइक सुरू झाला की बहुतेक हेडफोन कॉलच्या मोडवर जातात आणि आवाज जुन्या लँडलाइनसारखा चपटा होतो. वायरला ही भानगड नाही.

माइक मात्र अतिउत्साही. स्वयंपाकघरातला कुकर त्याला माझ्यापेक्षा जवळचा वाटतो. आमचा बंगळुरूचा मॅनेजर आता शिट्ट्या मोजतो, "तीन झाल्या, गॅस बंद करा" म्हणतो. माइकची दांडी तोंडासमोर नको. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला आणि किंचित खाली ठेवली, की 'प' आणि 'फ'चे फटके जातात.

दुसरा त्रास वेगळाच निघाला. लॅपटॉप चार्जिंगला लावला की समोरच्यांना 'घुंऽऽ' ऐकू जायचं, चार्जर काढला की बंद. मी हेडसेटला शिव्या घालत होतो. शेवटी वायरमनने बघितलं, तर टेबलाजवळच्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं.

कोल्हापूर, हॉस्टेल

गेम खेळणाऱ्यानेही लिहावं म्हणतो. हा माझा तिसरा. पहिला २०२० मध्ये पबजी बंद झालं तेव्हा बहिणीच्या ऑनलाइन शाळेला गेला आणि तिथेच वारला. २०२१ मध्ये बीजीएमआय (पबजीचाच भारतीय अवतार) आल्यावर दुसरा घेतला, तो वायरीतून गेला.

७.१ बद्दल, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो या दाव्याबद्दल: ३.५ मिमीच्या पिनेतून आवाजाचे दोनच चॅनल येतात, डावा नि उजवा. बाकी सगळी सॉफ्टवेअरची करामत. मी ती बंद ठेवतो. व्हॅलोरंट गेमच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ म्हणून पर्याय आहे, तेवढा सुरू करा. कुणाची पावलं मागून येतायत की बाजूने, ते साध्या हेडसेटवरही कळतं. दोन्ही एकदम लावले तर सगळा काला होतो. स्वस्तातल्या हेडसेटमध्ये बास फुगवलेला असतो, त्यामुळे बॉम्ब जोरात वाजतो आणि नेमकी पावलं त्यात बुडतात. इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचं खाली आणि २ ते ४ हजारांमधलं थोडं वर केल्यावर माझं काम झालं.

फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा तुकडा लागतो. त्यात दोन जाती आहेत: आत चिप असलेला, आणि नुसत्या वायरी जोडलेला. मी स्टेशनबाहेरून दुसरा आणला, माझ्या फोनने त्याला ओळखच दाखवली नाही. दुकानदारासमोर स्वतःच्या फोनला लावून बघा, मगच पैसे द्या.

रत्नागिरी

आवाज-बिवाज बाजूला ठेवा, आमच्याकडे प्रश्न गाद्यांचा. कानावरच्या त्या काळ्या गाद्या चामड्याच्या नसतात, रेक्झिनसारखं काहीतरी असतं. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले. मुलगी कॉलेजला निघाली तेव्हा कानामागे, केसात काळे तुकडे. मैत्रिणींना वाटलं काही त्वचारोग झालाय.

सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या दोन टोप्या शिवल्या, काठाला इलॅस्टिक घालून. दर रविवारी धुवायच्या. घाम टिपला जातो, वासही गेला. आवाज थोडा बदलतो म्हणे, बास कमी वाटतो. मला तर बरंच वाटलं. पिशवीत ठेवताना औषधाच्या डबीतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते.

चष्मेवाली

चष्मा असेल तर पहिले पंधरा दिवस कानशिलं ठणकतात. रात्री हेडसेट पुस्तकांच्या थप्पीवर ताणून ठेवायचा. डोक्यापेक्षा थोडी रुंद थप्पी, जास्त नको. मी उत्साहात जाडजूड शब्दकोश लावला आणि प्लॅस्टिकची पट्टी कडकन मोडली.

नाशिक, गाणं शिकवते

लॉकडाऊनपासून माझे चार विद्यार्थी परगावचे, ऑनलाइनच शिकतात. त्यांच्यापैकी एकीच्या भावाचा असा हेडसेट होता, म्हणून मीही घेतला. बोलण्यासाठी उत्तम. स्वर ऐकण्यासाठी सावध राहावं लागतं. तबल्याचा बायाँ इतका घुमतो की तानपुऱ्याचा खर्ज त्याच्याखाली गडप. मुलगी षड्ज किंचित उतरा लावत होती आणि पाच मिनिटं माझ्या लक्षात आलं नाही, हे कबूल करायला लाज वाटते.

त्यात निम्मी चूक हेडसेटची नव्हती. कॉलची सॉफ्टवेअरं एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतात, आणि तानपुरा म्हणजे एकसारखा चालणारा आवाजच की! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे, तो सुरू केल्यावर तानपुरा परत आला. एकत्र गाणं तरीही जमत नाही. आवाज पोचायला वेळ लागतो, सम कधीच एकदम येत नाही. मी गाते, ती ऐकते, मग ती गाते. आता मुलींना सांगितलंय, शिकताना हेडसेट आणि रियाजाला मोकळे कान.

दुरुस्तीवाला, पुणे

तपकीर गल्लीच्या जवळ बसतो. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ हेडसेटमध्ये स्पीकर ठणठणीत असतात, वायर गेलेली असते. कुठे? पिनेजवळ, नाहीतर कानाच्या वाटीत शिरते तिथे. कारण एकच: वायर धरून ओढणं आणि लॅपटॉपभोवती घट्ट गुंडाळणं. पिन हलवल्यावर आवाज येतो-जातो म्हणजे बिघाड पिनेजवळ. वायर कापून नवी पिन लावली की झालं.

घरी करणार असाल तर आतल्या तारा नुसत्या रंगीत दिसतात, पण त्यांच्यावर लाखेसारखा थर असतो. तो डागणीने जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. लोक इथेच चुकतात आणि मग माझ्याकडे येतात, तेव्हा वायर बोटभर उरलेली असते. बहुतेकदा लाल उजवा, हिरवी किंवा निळी डावा, तांब्याची ग्राउंड. माइकच्या तारेचा नेम नाही, मीटर लावून बघा. घेताना दिवे बघू नका, वायर जिथे वाटीत शिरते तिथे रबराची शेपटी आहे का ते बघा.

ऑडिओलॉजिस्ट

आवाजाच्या दर्जाबद्दल मी काही बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याच्या मर्यादेचा आकडा तेवढा सांगते: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास. कानात शीळ वाजायला लागली तर हेडसेट बदलू नका, कान तपासा.

जर्मनी, विद्यार्थी

एक उपयोग राहिलाच. जानेवारीत हीटर नीट चालत नसताना कान उबदार राहतात. इथे रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, आणि हेडसेटमुळे गेमचा आवाज बाहेर जात नाही. माझा ओरडण्याचा जातो. त्याबद्दल शेजाऱ्याची चिठ्ठी आली आहे.

अकोला

आमच्याकडे हा अप्पांचा, वय ७८. डावा कान फारच मंद. फोनवर भजनं लावून दिली तर म्हणाले, "मृदंग आहे, टाळ कुठंयत?" आम्हाला वाटलं वयाचं आहे. मग भाचा म्हणाला, रेकॉर्डिंगमध्ये टाळ डाव्या बाजूला आहेत. फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू केलं, दोन्ही बाजूंचं सगळं उजव्या कानातही आलं. टाळ सापडले! अप्पा डोळे मिटून तासभर बसले होते. (कानाच्या डॉक्टरकडे नंतर नेलं, श्रवणयंत्राचं मोजमाप चालू आहे.)

आता त्यांना टीव्हीवरच्या बातम्याही अशाच हव्यात. टीव्हीला पिन लावली की बाहेरचा आवाज बंद व्हायचा आणि आई चिडायची. दोन्ही चालू ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये खोल कुठेतरी सापडला. पण वायर पलंगापर्यंत पोचत नाही. एक्स्टेन्शन कुठली घेऊ?

दुरुस्तीवाला, पुणे

फोनलाही लावणार असाल तर तीन रेघांची घ्या. दोन रेघांची घेतली तर माइक जाईल. नुसतं ऐकायचं असेल तर दोन रेघांची बहुधा चालते, स्वस्तही पडते.

अकोला

मग दोनचीच आणतो. बातम्या देणाऱ्याला अप्पा जे सुनावतात, ते माइकशिवायच गल्लीभर ऐकू जातं.