हलाल बाजाराचा आकडा खरा किती?

गिरगावकर (धागाकर्ता)

हलाल उद्योगावरचा कुठलाही अहवाल उघडा, सुरुवातीलाच ट्रिलियनमधला आकडा असतो. दिनारस्टँडर्ड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात तो होता २ ट्रिलियन डॉलर, २०२१ सालासाठी. हा खर्च कोणाचा? जगभरातल्या मुस्लिम ग्राहकांचा: खाणंपिणं, औषधं, सौंदर्यप्रसाधनं, कपडे, प्रवास, करमणूक. म्हणजे घरात भरलेला तांदूळ आणि कांदे-बटाटेही त्यात आले. हलाल प्रमाणपत्राचा शिक्का बघून घेतलेला माल किती, हे त्यातून कळतच नाही.

आणि हाच आकडा घेऊन सल्लागार आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांना गाठतात. माझ्या ओळखीतल्या एक काकू लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणतात, कांडप करून घेतात आणि पाकिटं परळ-कुर्ल्यातल्या वाण्यांकडे ठेवतात. त्यांनाही सांगण्यात आलं की शिक्का घ्या, केवढा तरी बाजार मोकळा होईल. मिरची, धणे, हळकुंड. यात हराम काय असणार?

ग्राहक-संशोधनावर माझा मुख्य राग आहे. प्रश्नावलीत विचारतात, 'हलाल शिक्का असेल तर तुम्ही हे घ्याल का?' पुढे पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा पाच चौकटी. फॉर्म भरणारे बऱ्याचदा कॉलेजची मुलं. अशा प्रश्नाला कोण नाही म्हणेल? इच्छा मोजायची आणि तिलाच मागणी म्हणायचं, हे मला पटत नाही. एकाच मसाल्याची दोन पाकिटं शेजारी ठेवा, शिक्क्याचं पाच रुपयांनी महाग, आणि महिनाभर बिलं बघा. माझं मत स्पष्ट आहे: तोवर काकूंनी एक पैसा खर्च करू नये.

न्हावाशेवा

अजिबात सहमत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाची आवड मोजताय, आमच्या निर्यातीच्या धंद्यात शिक्का म्हणजे परवाना. इंडोनेशियाचा २०१४ चा कायदा क्रमांक ३३ वाचा. खाद्यपदार्थांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून हलाल प्रमाणपत्राची सक्ती लागू झाली, आयातीला जास्तीची मुदत मिळाली इतकंच. हलाल नसलेला माल विकता येतो, पण तसं पाकिटावर लिहावं लागतं. तसं लिहिलेलं मसाल्याचं पाकीट जकार्त्याचा कोणता घाऊक व्यापारी उचलेल?

आणि मिरचीत हराम काय, हा प्रश्नच अपुरा आहे. तपासणीला येणारा माणूस त्याच यंत्रावर आधी काय दळलं, चव आणणाऱ्या द्रवात अल्कोहोल आहे का, गोदामात शेजारी काय ठेवलंय, हे सगळं बघतो. मसाल्याच्या तयार मिश्रणांत हे प्रश्न खरेच येतात. वाशीच्या मसाला मार्केटमधून साधी हळद पाठवणाऱ्यालाही समोरचा कागद मागतो.

मुंब्रेकरीण

दोघंही आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. धणे-जिऱ्यावर मी शिक्का कधीच शोधत नाही. चिकन नेहमीच्या दुकानातून, समोर कापून घेतो, तिथेही कागद लागत नाही, माणूस ओळखीचा असतो. बिस्किटांवर हिरवा ठिपका असला की प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनची काळजी जाते. या ठिपक्याने आमचं किती काम सोपं केलंय, हे या अहवालांत कुणी लिहीत नाही.

पण केकच्या इसेन्समधल्या अल्कोहोलबद्दल ठिपका काही सांगत नाही. मॉलमधले फ्रोझन नगेट्स कुठल्या कत्तलखान्यातले, कोण जाणे. औषधाच्या कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं. ते म्हशीचं की डुकराचं, केमिस्टलाही सांगता येत नाही. तिथे मला शिक्का हवाय, त्यासाठी मी जास्त पैसे देईन. गिरगावकर, तुमचा प्रयोग मसाल्यावर केलात तर उत्तर 'मागणी नाही' असंच येईल आणि ते चुकीच्या वस्तूवरून काढलेलं असेल.

ठाण्याचा_ग्राहक

माझा आक्षेप वेगळा आहे. शिक्क्याचं शुल्क कंपनी भरते, पण शेवटी ते किमतीतून माझ्याकडूनच वसूल होतं. दुसऱ्याच्या धार्मिक नियमाचा खर्च मी का उचलावा? उत्तर प्रदेशाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल-प्रमाणित वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातलीही. आणि खाजगी धार्मिक संस्थांनी शिक्के का द्यावेत? सरकारने द्यावेत.

न्हावाशेवा

दादा, त्याच बंदीतून निर्यात वगळली होती, हेही सांगा. आणि मांसाच्या निर्यातीसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून भारतीय गुणवत्ता परिषदेची योजना लागू केलीच आहे, १५ देशांसाठी. संस्था खाजगी असली तरी तिला मान्यता घ्यावी लागते. देशातल्या बाजारासाठी तशी चौकट नाही, हे मात्र तुमचं खरं.

मुंब्रेकरीण

ठाण्याचे दादा, जैन थाळीसाठी वेगळी कढई ठेवणारं हॉटेलही तो खर्च सगळ्यांच्याच बिलात घालतं. त्याला कुणी हरकत घेत नाही, घेऊही नये.

ठाण्याचा_ग्राहक

ताई, ते मी निवडून जातो. साबणावर शिक्का आहे की नाही, हे घेताना माझ्या लक्षातही येत नाही. फरक आहे.

गिरगावकर (धागाकर्ता)

न्हावाशेवा, निर्यातीबद्दल मान्य, पण काकूंचा माल कुर्ल्याच्या पुढे जात नाही. तिकडचा कायदा दाखवून त्यांच्याकडून शुल्क घेणं मला गैरच वाटतं. मुंब्रेकरीण ताई, मसाल्याऐवजी नगेट्स आणि केकचं इसेन्स घेऊन हाच प्रयोग मुंब्रा, कुर्ला आणि दादर अशा तीन ठिकाणी करावा, आणि रमजान सोडून करावा, म्हणजे त्या महिन्याच्या खरेदीने आकडे फुगणार नाहीत. कॅप्सूलचं काय करायचं ते मला सुचत नाही, कारण औषध माणूस डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतो, शिक्का बघून नाही.

मुंब्रेकरीण

रमजान का सोडायचा? वर्षभरातली सगळ्यात मोठी खरेदी आम्ही तेव्हाच करतो.