मदत हवी आहे: आईवडिलांच्या पश्चात घर, दोन भावंडे आणि ‘बाधित’ वास्तू

नमस्कार. कुडाळजवळच्या एका गावात आमचे जुने चिरेबंदी, कौलारू घर आहे. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि गेल्या श्रावणात बाबाही गेले. आता घरात मी (वय २४), बारावीतली बहीण आणि अकरा वर्षांचा भाऊ असे तिघेच आहोत. मी नोकरीवरून परत येईपर्यंत दोघे पडवीतच बसून असतात, कारण धाकटा माजघरात एकटा पाऊल टाकत नाही.

घर बाधित असल्याची कुजबुज बाबांच्या तेराव्यालाच सुरू झाली. पुढे मुंबईच्या काकांनी एक भगत आणला आणि त्याने, घर सोडले नाही तर धाकट्यावर बेतेल, असे त्या मुलाच्या तोंडावर सांगून उताऱ्याचे पंधरा हजार मागितले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला ठाऊक आहे. परंतु अडीअडचणीला धावून येणारे काकाच असल्यामुळे मी तक्रार केली नाही. पैसे मात्र दिले नाहीत.

काकांकडे गिऱ्हाईक तयार आहे आणि भावंडांच्या वतीने मी सही करावी असा त्यांचा आग्रह आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, केवळ सांभाळ करते म्हणून मला त्यांची मिळकत विकता येत नाही, असे मी वाचले आहे. सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून माझे नाव लागले आहे. तेवढे पुरेसे आहे, की १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्यावाच लागेल? अनाथ मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेसाठी बाल कल्याण समितीपुढे जाताना तो आदेश मागतात का? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न कायद्याचा नाही. माळ्यावर रात्री काहीतरी फरफटत नेल्यासारखा आवाज येत असे. एका संध्याकाळी शिडी लावून मी तिथे चुलीतली राख पसरली आणि सकाळी धाकट्याला वर नेऊन त्या राखेतली बोटाबोटांची पावले आणि कोपऱ्यातली बियांनी भरलेली विष्ठा दाखवली. उदमांजर आहे, हे त्याला पटले. खाली उतरताना तो म्हणाला, “ताई, मग रात्री खोकतं कोण?”

बाबा शेवटचे दोन महिने माजघरातल्या खाटेवर खोकत होते. तो खोकला मीही दोनदा ऐकला आहे, हे मी अद्याप कोणालाही सांगितलेले नाही. बहिणीची परीक्षा तोंडावर असल्याने तिला यात ओढायचे नाही. धाकट्याला समुपदेशकाकडे नेण्याची माझी तयारी आहे. तिथे जाण्याआधी मी त्याला खरे सांगावे का, आणि सांगायचे तर कोणत्या शब्दांत?