मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) ग्रुपवर मामांना नको ते बोलून बसलो, आता काय करू?

कृष्णाकाठचा (मिरज):
सलाम सगळ्यांना. जरा मोठं लिहितोय, पण वाचा. नाताळच्या कॅरल फेरीत जमलेल्या वर्गणीचा हिशोब आमच्यात मामा बघतात, सख्खे नाहीत, आईचे चुलतभाऊ, पण लहानपणी त्यांच्याच सायकलवर पुढं बसून मी संडे स्कूलला गेलोय. जानेवारी संपत आला तरी हिशोब वाचला नाही म्हणून मी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकलं की एवढा उशीर होतोय म्हणजे पैसे कुठं मुरले काय. सकाळी उठून डिलीट केलं पण तोवर स्क्रीनशॉट तीन घरांत फिरून आलेला. मामी आईला म्हणाल्या तुझ्या पोरानं आम्हाला चोर केलं. आता मामा उपासनेला मागच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता चप्पल घालून निघतात. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा विधी. आई म्हणते गप बस, आपोआप निवळेल. माझं तोंड फटकळ आहे हे मला माहितीय, ऑफिसातपण हेच होतं, बोलून झाल्यावर कळतं. नुसतं बायबलमधलं वचन नको, करायचं काय ते सांगा.

सातारची ताई:
भाऊ, आईंचा मान राखून सांगते, आपोआप काही निवळत नसतं, वरून साय धरते इतकंच. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण घेऊन गेलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आता हे तो बोलत होता गालीलात आणि वेदी होती यरुशलेमेत, म्हणजे ऐकणाऱ्यांना काही दिवसांची पायपीट, आपल्याकडून पंढरपूरला चालत जावं तसं, आणि तिथं पोचल्यावर सांगतोय की परत फिर. तुम्हाला तर दोन गल्ल्या ओलांडायच्यात. शनिवारी जा, घरी जा, फोन नको, मेसेज तर नकोच.
आणि एक. सूर्य मावळायच्या आत राग सोडा हे प्रेषित पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन आपण सगळे सांगतो, पण त्याचा अर्थ झोपायच्या आधी मनातलं ओकून मोकळं व्हा असा नाही हो. पौलानं त्याच्या लगेच आधीची "रागावा पण पाप करू नका" ही ओळ घेतलीय बायबलमधल्या ४ थ्या स्तोत्रावरून आणि तिथं पुढं म्हटलंय की अंथरुणावर पडून मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. मी स्वतः रात्री ९ नंतर कुठल्याच वादाचं उत्तर टाईप करत नाही, सकाळी चहा झाला की बघते, निम्म्या वेळा उत्तर द्यायची गरजच उरलेली नसते.
आमच्या महिला मंडळात तर वेगळंच, "प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं" असं म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सगळं बाहेर काढायचं. मी पण केलंय ते आणि त्याचा मला फार त्रास झालाय. तुमच्या या प्रकरणात अशी प्रार्थना करणारे पुष्कळ भेटतील, त्यांना काही सांगू नका. नीतिसूत्रे २६ मध्ये आहेच, लाकूड संपलं की विस्तव विझतो, चहाडी करणारा नसला की भांडण मिटतं.

माजी पंच (सांगली):
ताईंचं बरोबर, पण एक बाजू राहतीय. हिशोब मागणं चूक नव्हतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा खुद्द पौलानं ती एकट्यानं नेली नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, कुणी बोट ठेवू नये म्हणून, २ करिंथकर ८ काढून बघा. तेव्हा संभाळून बोलणं म्हणजे तोंडाला कुलूप लावणं असं कुणी समजू नका, आपल्या मंडळ्यांत या गप्प बसण्यानं पण वाटोळं झालंय. पण मत्तय १८ चा क्रम आहे, आधी दोघंच, मग एकदोघं सोबत, मग मंडळी. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारली, तीही रात्री साडेअकराला. माफी मागताना "पण हिशोब तर द्यायला हवाच ना" हे वाक्य त्याच दमात जोडू नका, त्यानं माफीची माती होते. माफी शनिवारी. हिशोबाचं पंच कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये विचारा, सगळ्याच वर्गण्यांचं विचारा, एकट्या मामांचं नाही.

रानातला माणूस (तासगाव):
मी शिकलेला न्हाई फार, द्राक्षबाग हाय. नीतिसूत्रे १७ मध्ये लिवलंय भांडणाची सुरवात म्हंजी पाण्याला वाट करून देणं, म्हणून पेटायच्या आधीच सोडून दे. ज्यानं रानाला पाणी पाजताना दारं धरल्यात त्याला हे समजावून सांगाय लागत न्हाई. दारं मोडाय खोऱ्याचा एक घाव पुरतो, पण पाणी एकदा शेजारच्या रानात घुसलं की मग तिथनं फिरवता येत न्हाई, चिखल तुडवत बसायचं. मी धाकट्या भावाला लग्नाच्या मांडवात चारचौघात एक वाक्य बोललो, त्याच्या बायकोवरनं. एकच. ११ वर्षं तो माझ्या दारात आला न्हाई. आई गेली तवा आमी दोघं एका तिरडीला खांदा दिला आणि एकमेकाकडं बघितलं न्हाई. वाक्य खरं होतं का खोटं ते आता मला आठवत पण न्हाई नीट. पोरा, शनिवारपातूर थांबू नको, आजच जा.

कृष्णाकाठचा (मिरज):
काकांचं वाचलं आणि कालच संध्याकाळी गेलो. मामी आत निघून गेल्या. मामांना म्हटलं मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला, ते चूक होतं, ग्रुपवर लिहिलं म्हणून ग्रुपवरच माफी मागतो, तुम्ही हो म्हणालात तर. ते बराच वेळ टीव्हीकडं बघत होते, तो बंदच होता. मग म्हणाले ग्रुपवर परत काही टाकू नको, कमिटीत उभा राहून सांग. ठरलं तसं. उठताना त्यांनी कपाटातनं वही काढून दाखवली, पावत्या सगळ्या टाचणीनं लावलेल्या, दोन दुकानदारांची बिलं यायची राहिली होती म्हणून थांबले होते. मी वही उघडली नाही. मामी बाहेर आल्या नाहीत, पण आतनं चहा दोन कप आला.