रविवारचा नाश्ता: काकडीची वाटी आणि साडेदहाची कचोरी (इंदूरातल्या आपल्या सोसायटीचा ग्रुप)

माई (बी-४०२), स. ११:०५
आज पुन्हा तेच. फिरून आल्यावर हॉलमध्ये प्रत्येकाच्या हातात काकडी-गाजराची वाटी आणि ग्लासभर संत्र्याचा रस. आणि साडेदहाला आपलीच चार मंडळी कोपऱ्यावर कचोरी खात उभी. वजनासाठी नाश्ता बदलला ना? मग याचा उपयोग काय?

सचिव (ए-१०३)
माई, नमस्कार. बदल सर्वांच्या संमतीने झाला होता. आपणही सभेला होतात.

माई
होते. आणि भुकेचं काय, हे तेव्हाच विचारलं होतं. वृत्तांतात ते लिहिलं गेलं नाही.

नाना (सी-१)
मागच्या महिन्याचा नाश्त्याचा हिशोब ग्रुपवर आलेला नाही. माणशी ६० रुपये, २४ माणसं, ४ रविवार. कृपया टाकावा.

वहिनी (ए-३०१)
कचोरीवाल्यांची नावं नका घेऊ हं माई, घरोघरी भांडणं लागतील 😀

ताई (सी-२०१)
माईंचं म्हणणं बरोबर आहे. काकडीत ९५ टक्के पाणी. पोट ताणलं गेलं की भरल्याचा निरोप मेंदूला जातो, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, त्यामुळे जठर लवकर रिकामं होतं आणि भूक परत येते. भूक धरून ठेवायची तर आकारमान, प्रथिनं, चोथा आणि चावून खाणं हे चारही एकाच ताटात हवेत. रस तर त्याहून वाईट. एका ग्लासाला दोन-तीन संत्री लागतात, त्यांची साखर सगळी पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. त्याहून कमी पैशात प्रत्येकाला एक अख्खं संत्रं सोलून खाता येईल.

नाना
पैशांचा विषय निघालाच आहे तर मागच्या महिन्याचा हिशोबही टाकावा.

अण्णा (बी-१०४)
जिऱ्याचं पाणी उपाशीपोटी घेतलं की चरबी विरघळते आणि भूक लागत नाही. काल पाठवलेला मेसेज सर्वांनी वाचावा, पुन्हा पाठवतोय.

ताई
अण्णा, आदर ठेवून सांगते. जिऱ्याच्या पाण्याने चरबी विरघळत नाही. कोमट पाणी पोटात गेल्याने थोडा वेळ बरं वाटतं, इतकंच. लिंबू-मधाचंही तेच, शिवाय मोठा चमचा मध म्हणजे ६० उष्मांक.

अण्णा
आमच्या पिढीने काय खाल्लं ते आता नव्या पिढीने शिकवावं. ठीक आहे.

माई
अण्णा, तुमच्या पिढीनेच मुगाचं कढण शिकवलं. तेच आणायचं म्हणतोय.

काका (सी-३०३)
मग उकडलेला बटाटा तरी ठेवा. की त्यानेही वजन वाढतं?

ताई
काका, यावर खरंच प्रयोग झालाय. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० उष्मांकांइतकाच द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यांत वर. क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा फ्रेंच पाव, ४७ वर, सगळ्यांत खाली. बटाट्याचं नाव खराब झालं ते तळणीमुळे. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८५-९० उष्मांक. तोच तळून वेफर केला की पाणी उडतं, तेल शिरतं आणि ५०० च्या वर जातो. मात्र साखरेचा त्रास असणाऱ्यांनी बटाटा थोडाच घ्यावा आणि सोबत दही किंवा उसळ असावी.

वहिनी
सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू सुरू झालेत. तेही कंदच ना ताई? 😀

ताई
कंदच, पण तळलेले. खायचे तर आधी घरी वाटीभर कढण पिऊन निघा, मग तिथे एक प्लेट दोघांत पुरते. रिकाम्या पोटी सराफ्यात शिरलं की हात थांबत नाही.

दादा (ए-२०२)
सोपा उपाय सांगतो. डाएट बिस्किटांचे पुडे आणू. ना भांडी ना गॅस.

ताई
नको दादा. कोरडं, मऊ, पटकन गिळलं जाणारं. पोटाला कळेपर्यंत आठ संपतात. अमेरिकेत २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या गटाने २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं खाणं दिलं. समोर ठेवलेली साखर, स्निग्ध, चोथा सारखंच, खायची मुभा हवी तेवढी. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि भराभर खात होती.

नाना
हिशोब.

माई
ताई, प्रमाणं लिहा. पोहे बंद केले तर इंदूरात कोणी फिरायला येणार नाही, हे आधीच सांगते.

ताई
पोहे बंद नाहीत करायचे माई, पोह्यांचं प्रमाण बदलायचं. २४ माणसांसाठी: जाड पोहे १ किलो, मूग ७२० ग्रॅम (मोड येऊन दीड किलोच्या आसपास होतात), सोललेले मटार १ किलो, कांदा १ किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल १२० मिली, म्हणजे माणशी एक लहान चमचा. बाजूला दही ३ किलो ६०० ग्रॅम, माणशी दीडशे. मटार धरून माणशी प्रथिनं १८-१९ ग्रॅम होतात. नुसत्या पोह्यांच्या मोठ्या बशीत सात-आठसुद्धा नसतात.
आपल्याकडे दुकानात पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवतात, तसंच करा, म्हणजे मऊ राहायला तेल वाढवावं लागत नाही. पोहे चाळणीत धुवा, भिजत घालू नका, लगदा होतो. मोड आलेले मूग वेगळे ६-८ मिनिटं वाफवा आणि शेवटी मिसळा. कुकरमध्ये शिट्टी घेतली तर वरणच होईल. कच्चे अजिबात नको. मोड येताना जंतूही वाढतात, आणि वयस्कर मंडळींना गॅस होतो तो वेगळाच. सेव माणशी १० ग्रॅम, मोठा एकच चमचा, आणि ती वाढणाऱ्याने घालायची. डबा टेबलावर ठेवला की संपतो. जिरावन मसाला वरून हवा तेवढा.

काकू (बी-२०३)
वाफवायला मोठं मोदकपात्र लागेल. ते गणपतीनंतर हॉलमध्ये परत आलेलं नाही.

सचिव
वहीत बी विंगची सही आहे.

काकू
बी विंग म्हणजे कोण? सोळा घरं आहेत. आणि ए विंगने नेलेल्या दोन पराती?

वहिनी
परातींचा विषय मिटला होता काकू, माईंसमोर.

माई
मिटला नव्हता, थांबला होता. आत्ता मुगाचं बोला.

दादा
अंडी उकडून ठेवली तर? एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, ७० च्या आसपास उष्मांक. भांडीही लागणार नाहीत.

सचिव
हॉलमध्ये अंडी नाहीत. ठराव आहे. कृपया पुन्हा नको.

दादा
घरून खाऊन येईन. धन्यवाद.

काकू
परवा एकादशी आहे. साबुदाण्याची खिचडी चालेल ना ताई?

ताई
काकू, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ३५० उष्मांक आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडी पोटात बसते ती दाण्याच्या कुटामुळे, पण तुपासकट उष्मांक फार वाढतात. भगरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी करा, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही. खिचडीच हवी तर साबुदाणा निम्मा, त्यात उकडलेला बटाटा आणि वाटीभर ताक.

अण्णा
इसबगोल चालतो का? की तोही नव्या पिढीला विचारायचा?

ताई
चालतो अण्णा, आणि तो तर आपल्या मध्य प्रदेशातल्याच नीमचच्या मंडीतला माल. जेवणाआधी अर्धा तास एक चमचा, पूर्ण ग्लास पाण्यात, ढवळल्या ढवळल्या प्यायचा. ठेवला की घट्ट होतो. पाणी कमी पडलं तर घशात अडकू शकतो, म्हणून गिळायला त्रास असेल त्यांनी घेऊच नये. औषधाच्या गोळ्यांपासून दोन तास अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तास.

अण्णा
ठीक. कढणाचं प्रमाणही द्या.

ताई
एक वाटी अख्खे मूग, सहा वाट्या पाणी, तीन-चार शिट्ट्या, रवीने घुसळा. चमचाभर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी, आलं, मीठ. गाळू नका. चोथा गाळला की भूक धरणारं निम्मं काम गेलं. संध्याकाळी पाच ते सातला सेव-परमल, म्हणजे सेव-कुरमुऱ्यांऐवजी हे घ्या. नुसते परमल हलके, पण टिकत नाहीत. परमलच हवेत तर त्यात सालासकट भाजलेले चणे माणशी मूठभर घाला. शेंगदाणेही भूक धरतात, पण एका मुठीला १७० उष्मांक, म्हणून वाटीत काढून खा, डब्यातून नाही.
एक महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कढणावर भागवून जेवण टाळू नये, साखर एकदम खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी डाळी-कडधान्यं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

सचिव
म्हणजे येत्या रविवारी पोहे-मूग-दही. मूग शनिवारी संध्याकाळी भिजवायला सांगतो.

ताई
शनिवारी संध्याकाळी उशीर होईल! थंडी आहे. शुक्रवारी रात्री ९ ला भिजवा, शनिवारी सकाळी निथळून कपड्यात बांधा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, रविवारी सकाळपर्यंत मोड येतात. पाणी नीट निथळलं नाही तर चिकट होतात आणि वास मारतात. तसे झाले तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

माई
शुक्रवारी ९ ला मी भिजवते. दोन पातेल्यांत, मूग फुगतात.

काकू
मोदकपात्र सापडलं. बी-३०१ च्या माळ्यावर होतं, ते गावाला गेलेत. झाकणाची कड वाकली आहे, वाफ बाहेर जाईल. कणकेची वळी लावावी लागेल.

माई
अर्धी वाटी कणीक मी आणते. पराती कधी येतायत?

नाना
हिशोब. पुढच्या रविवारच्या सामानाचाही आत्ताच जोडावा. दही ३ किलो ६०० ग्रॅम धरलंय ना?