शब्दचर्चा : ‘पोप अचूक असतात’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का?

कोरा कागद : ‘पेपल इन्फॅलिबिलिटी’ला मराठीत काय लिहावं? ‘अचूकता’, ‘अस्खलनशीलता’, ‘प्रमादातीतता’, ‘निर्दोषत्व’ असे पर्याय वाचनात येतात. ‘पोप कधीच चुकत नाहीत असं कॅथलिक मानतात’ एवढं व्याख्या म्हणून पुरेल का? आणि जाता जाता, ‘पोपचा फतवा’ हा मथळा कितपत योग्य?

धातुपाठ : मूळ लॅटिन धातू ‘फाल्लेरे’, म्हणजे फसवणं. त्याचं कर्मणी रूप म्हणजे फसणं, भ्रमात पडणं. ‘इन्फॅलिबल’ म्हणजे जो स्वतः भ्रमात पडत नाही आणि दुसऱ्याला पाडत नाही. या कसोटीवर चारही पर्याय घासून बघा.

‘चूक’ मराठीत फार पसरट आहे. नेम चुकतो, गणित चुकतं, गाडी चुकते आणि ‘चुकलं माझं’ म्हणून आपण माफीही मागतो. ‘स्खलना’ला नैतिक घसरणीचा वास आहे. ‘निर्दोष’ म्हटलं की कोर्टातली मुक्तता तरी आठवते, नाहीतर पापरहितपणा तरी. ‘प्रमाद’ म्हणजे मुळात बेसावधपणा, गाफीलपणा. इथे प्रश्न सावधपणाचा नाही, शिकवण खरी की खोटी याचा आहे. म्हणून माझं मत ‘अभ्रांतता’ला. शब्द जड आहे हे मान्य, पण कल्पनाही काही हलकी नाही.

वसईकर : ‘अभ्रांतता’ चालेल. पण वाक्याचा कर्ताच चुकला असेल तर शब्द बदलून भागणार नाही.

पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी जो दस्तऐवज संमत केला त्याचं नाव ‘पास्तोर एतेर्नुस’. त्याच्या चौथ्या प्रकरणाचं मसुद्यातलं शीर्षक ‘रोमच्या धर्माध्यक्षाच्या (म्हणजे पोपच्या) अभ्रांततेविषयी’ असं होतं. ते बदलून ‘रोमच्या धर्माध्यक्षाच्या अभ्रांत अध्यापनाविषयी’ असं केलं गेलं. विशेषण माणसावरून उचलून शिकवणीवर ठेवलं. ब्रिक्सेनचे बिशप गासर यांनी ११ जुलैला मसुद्यावर जे प्रदीर्घ स्पष्टीकरण दिलं, त्यातही निरपेक्ष अभ्रांतता फक्त देवाची, पोपची नव्हे, हे स्पष्ट आहे. पुढे व्याख्येच्या ऐन वाक्यात असं म्हटलंय की ख्रिस्ताने आपल्या ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, जी अभ्रांतता द्यायचं ठरवलं, तीच पोप त्या विशिष्ट प्रसंगी वापरतात. म्हणजे मालकी सभेची.

तो विशिष्ट प्रसंग कोणता? पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ आणि गुरू या नात्याने बोलत असले पाहिजेत. प्रेषितांकडून आलेला आपला सर्वोच्च अधिकार वापरत असले पाहिजेत. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि ती शिकवण अख्ख्या ख्रिस्तसभेला बंधनकारक आहे असा निर्णय देत असले पाहिजेत. यातलं एक जरी कमी पडलं तर ते विधान ‘एक्स कॅथेड्रा’, म्हणजे पोपच्या अधिकारपदावरून केलेलं, ठरत नाही. विमानातल्या पत्रकार परिषदेत पोप काय म्हणाले, हवामानबदलावर त्यांचे आकडे काय, व्हॅटिकनच्या बँकेचा कारभार कसा, यांपैकी काहीच त्यात बसत नाही. आणि पापाचं म्हणाल तर पोपही कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गुडघे टेकतातच. पापरहितता म्हणजे ‘इम्पेकेबिलिटी’, तो शब्दच वेगळा.

कोरा कागद : ‘एक्स कॅथेड्रा’ला ‘सिंहासनावरून’ लिहिलेलं पाहिलं आहे.

धातुपाठ : नको. कॅथेड्रा हे राजाचं नव्हे, गुरूचं आसन. मराठीत ‘पीठ’ तयार आहे : व्यासपीठ, शंकराचार्यांचं पीठ, मतदान केंद्रावरचा पीठासीन अधिकारीसुद्धा. ‘गुरुपीठावरून’ छान बसतं. प्रत्यक्ष खुर्चीत बसण्याशी त्याचा संबंध नाही, पोप उभे होते की बसले हे कोणी बघत नाही.

कोरा कागद : मग समोर एखादं पोपपत्र असेल तर ते अभ्रांत वर्गातलं आहे हे अनुवादकाने ओळखायचं कसं?

वसईकर : दस्तऐवजाच्या प्रकारावरून ओळखू नका, पहिली चूक तिथेच होते. परिपत्रक, प्रेषितीय पत्र, मुद्रांकित आज्ञापत्र ही सगळी पाकिटं आहेत. क्रियापदं बघा. ८ डिसेंबर १८५४ला नववे पायस यांनी येशूची आई मरिया हिचा निष्कलंक गर्भसंभव (गर्भात आल्या क्षणापासून ती मूळ पापापासून मुक्त होती ही शिकवण) आणि १ नोव्हेंबर १९५०ला बारावे पायस यांनी तिचं स्वर्गोन्नयन (तिला सदेह स्वर्गात घेतलं गेलं ही शिकवण) घोषित केलं. दोन्हीकडे ‘आम्ही घोषित करतो, जाहीर करतो आणि व्याख्या करून ठरवतो’ अशी तिहेरी क्रियापदं आहेत. तिसऱ्या क्रियापदावर, ‘डेफिनिमुस’वर, सगळी भिस्त. ‘गुरुपीठावरून’ म्हणून सर्वमान्य उदाहरणं ही दोनच, आणि १८७०नंतरचं एकच.

क्रियापदाने शंका फिटली नाही तर १९८३च्या धर्मविधिसंहितेचं कलम ७४९, पोटकलम ३ लावायचं : अभ्रांतपणे ठरवल्याचं उघड सिद्ध झालं नसेल, तर तसं समजू नये. संशयाचा फायदा ‘नाही’च्या बाजूला. कुटुंबनियोजनावरचं १९६८चं परिपत्रक पत्रकारांसमोर मांडणाऱ्या धर्मगुरूंनी त्याच वेळी सांगितलं होतं की हे अभ्रांत विधान नाही. तरीही ते कॅथलिकांनी ऐच्छिक धरायचं नाही. कलम ७५२ अशा शिकवणीला ‘बुद्धी आणि इच्छेची धार्मिक अधीनता’ मागतं. ‘अभ्रांत नाही’ याचं मराठी ‘मनावर आहे’ असं होत नाही.

आता खरा खड्डा. ‘गुरुपीठावरून’ आणि ‘अभ्रांत’ हे समानार्थी नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या ‘लूमेन जेन्सियुम’मध्ये परिच्छेद २५ बघा. जगभर विखुरलेले बिशप पोपशी एकमताने एखादी गोष्ट निश्चित म्हणून शिकवतात, तेव्हा तीही अभ्रांत. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी २२ मे १९९४च्या पत्रात स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही असं म्हटलं. ते गुरुपीठावरून नव्हतं. पण १९९५मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने उत्तर दिलं की ही शिकवण त्या दुसऱ्या वाटेने आधीच अभ्रांत आहे. मग ते विभागाचं उत्तर स्वतः अभ्रांत का? नाही. यावर धर्मपंडितांचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून अनुवादकाने इथे स्वतःचं विशेषण घुसडू नये.

सिताबर्डी : प्रॉटेस्टंट बाजूने दोन गोष्टी. पहिली शब्दाची. ‘अचूक’ हा शब्द ‘इनएरन्सी’साठी राखून ठेवा. पवित्र शास्त्राच्या मूळ मजकुरात कुठलीच चूक नाही, असा तो दावा. १९७८च्या शिकागो जाहीरनाम्यात तो तपशिलात मांडलाय. काही प्रॉटेस्टंट शास्त्राला अभ्रांत म्हणतात पण अचूक म्हणत नाहीत, म्हणजे तारणाच्या बाबतीत ते फसवत नाही, पण इतिहास-भूगोलाची हमी ते घेत नाहीत. दोन्हींना एकच मराठी शब्द वापरला तर त्यांचा आपसातला वाद अनुवादात दिसणारच नाही.

दुसरी आशयाची. अभ्रांत विधान ओळखायला तुम्ही जे कलम लावता, ते कलम अभ्रांत आहे का? इंग्लंडच्या मंडळीच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) ३९ कलमांत १९वं म्हणतं की यरुशलेम, आलेक्सांद्रिया, अंत्युखिया यांच्याप्रमाणे रोमची मंडळीही चुकली आहे, आणि २१वं म्हणतं की सर्वसाधारण परिषदाही चुकू शकतात. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७०ला जी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तिच्यात बिशप आहेत, सिनड म्हणजे प्रतिनिधींची सभा आहे, पण अभ्रांततेचा दावा कुणाचाच नाही. अधिकार मानायला अभ्रांतता लागतेच असं नाही. आणि गलतीकरांस पत्र २:११ : केफा, म्हणजे तुम्ही ज्याला पहिला पोप मानता तो पेत्र, अंत्युखियाला आला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला.

वसईकर : त्याचं उत्तर तर्तुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकापासून चालत आलंय : पेत्राची चूक वागण्यातली होती, शिकवणीतली नव्हे. परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायला बसणारा पेत्र काही लोक आल्यावर मागे सरला. तुम्ही उदाहरण सोपं निवडलंत. अवघड आहे ते होनोरियसचं.

सिताबर्डी : तेच घेऊ या. पहिला होनोरियस, ६२५ ते ६३८ पोप. कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (मुख्य धर्माधिकारी) सर्जियस याला पत्र लिहून त्याने ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन नव्हे, एकच इच्छा असल्याचं म्हटलं. ६८०–६८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याला नाव घेऊन पाखंडी ठरवलं. १८७०मध्ये बिशप हेफेले यांनी हाच दाखला देऊन विरोध केला होता.

वसईकर : ते पत्र सगळ्या सभेला बांधणारी व्याख्या नव्हतं. पोप दुसऱ्या लिओने परिषदेचे निर्णय मान्य करतानाही होनोरियसवर ठपका ठेवला तो मुख्यतः हलगर्जीपणाचा. म्हणजे तिथे ‘प्रमाद’ शब्द अगदी चपखल, धातुपाठ!

सिताबर्डी : पण ‘ती व्याख्या नव्हती’ हे निकष १८७०चे. सातव्या शतकात ते पत्र वाचणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नव्हता. चुकलेलं प्रत्येक विधान नंतर वर्गाबाहेर काढता येत असेल, तर उरलेला वर्ग अभ्रांत असणारच.

वसईकर : आक्षेप वजनदार आहे. उत्तर एवढंच की निकष लेखी नंतर झाले, भेद आधीपासून होता. ते तुम्हाला पटावं अशी अपेक्षा नाही.

मांडवी : तुम्ही सगळे चौथ्या प्रकरणात अडकलाय. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स लोकांना टोचतं ते तिसरंही : पोपची प्रत्येक बिशप-प्रदेशावर पूर्ण, सर्वोच्च आणि थेट अधिकारिता. रोमला मानाचं पहिलं पान द्यायला त्यांची ना नाही, हुकूमत नको. आपल्याकडचा इतिहासही अधिकारितेचाच आहे. पोर्तुगीज राजाचा पाद्रोआदो (चर्चच्या कारभारावरचा आश्रयदात्याचा हक्क) आणि रोमचं प्रोपागांडा (धर्मप्रसाराचं खातं) यांच्या ओढाताणीत मुंबईत काही चर्चेस एकाची, काही दुसऱ्याची, असा दुहेरी कारभार १९२८च्या करारापर्यंत चालला. पोप सोळाव्या ग्रेगरींनी १८३८ला पाद्रोआदोचे काही प्रदेश काढून घेतले, तेव्हा राजाच्या संमतीशिवाय हा हुकूम लागू नाही असा गोव्याच्या बाजूचा पवित्रा होता. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६च्या करारानंतर गोव्याचे फादर आल्वारिस रोमपासून फुटले आणि १८८९मध्ये सिरियन ऑर्थोडॉक्स बिशप झाले, मार ज्युलियस या नावाने. यात श्रद्धासिद्धांताची भ्रांती कुठे आली? इथे ‘पोपची अभ्रांतता नाकारली’ असं लिहिणं सपशेल चूक. ‘अधिकारिता नाकारली’ लिहा.

धातुपाठ : याला जोडून आणखी एक शब्द : ‘इर्रेफॉर्माबिलिस’. पोपच्या व्याख्या ‘स्वतःहून, ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे’ इर्रेफॉर्माबिलिस आहेत, असं १८७०चं वाक्य आहे. ‘अपरिवर्तनीय’ म्हटलं की शब्दही बदलता येणार नाही असं वाटतं. अर्थ तसा नाही. रोख फ्रान्समधल्या १६८२च्या चार कलमांवर आहे. त्यांतल्या चौथ्यात म्हटलं होतं की सभेची संमती मिळेपर्यंत पोपचा निर्णय अंतिम नाही. म्हणून ‘ज्यावर पुढे अपील नाही’ हा अर्थ. गंमत म्हणजे १८७०मध्ये १३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ बाजूने, ८८ विरुद्ध आणि ६२ सशर्त मतं पडली. अल्पमताला भाषा सौम्य हवी होती, पण ‘संमतीमुळे नव्हे’ हे शब्द त्यानंतर वाढवले गेले. बरेच विरोधक रोम सोडून गेले आणि १८ तारखेला ५३३ विरुद्ध २ असा निकाल लागला.

सिताबर्डी : ऑर्थोडॉक्सांची अडचण नेमकी ‘संमतीमुळे नव्हे’ या शब्दांत आहे. १४३९ला फ्लोरेन्समध्ये त्यांच्या बहुतेक प्रतिनिधींनी रोमशी एकीवर सह्या केल्या, घरी लोकांनी ती झिडकारली आणि एकी कागदावरच राहिली.

वसईकर : ‘फतवा’ राहिलाच. नको. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेलं मत. वर्तमानपत्री मराठीत त्याला जुलमी हुकमाचा रंग चढलाय, म्हणजे तो दोन्हीकडून चुकतो. ‘परिपत्रक’, ‘आज्ञापत्र’, जे असेल ते लिहा.

कोरा कागद : मग असं लिहितो : ‘पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे गुरू म्हणून, आपल्या सर्वोच्च अधिकाराने, श्रद्धा किंवा नीतीविषयी एखादी शिकवण सबंध ख्रिस्तसभेला बंधनकारक म्हणून जाहीर करतात, तेव्हा ती शिकवण अभ्रांत असते, असं कॅथलिक मानतात.’

वसईकर : ‘जाहीर करतात’ काढा, ‘व्याख्या करून ठरवतात’ घाला. जाहीर तर पोप दर रविवारी काही ना काही करतच असतात.