मदत हवी आहे: चोवीस शब्द बरोबर, तरी हार्डवेअर वॉलेट रिकामं दिसतंय

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसता वाचत होतो. आज लिहितोय, कारण कालपासून पोटात गोळा आलाय.

अडीच वर्षं दर महिन्याला थोडं थोडं बिटकॉइन घेत गेलो. सगळं एका एक्सचेंजवरच, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवरच, पडून होतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजमधून साधारण २३ कोटी डॉलरची चोरी झाली. माझं खातं तिथे नव्हतं, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा होता की आपलं आपल्याकडे आणून ठेवावं. शेवटी हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनच्या गुप्त किल्ल्या ठेवणारं छोटं उपकरण) मागवलं, तेही थेट कंपनीच्या साइटवरून. दुसरीकडे कुणी निम्म्या किमतीत देत होतं, तो मोह टाळला. एवढं एक शहाणपण केलं.

रविवारी दुपारी बसलो. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवला. फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, पिन ठरवला. उपकरणाच्या इवल्याशा पडद्यावर एकेक शब्द येत गेला तसा मुलीच्या वहीच्या पानावर बॉलपेनने उतरवून घेतला. चोवीस. उपकरण हरवलं किंवा बिघडलं तर याच शब्दांवरून वॉलेट परत उभं राहतं. फोटो काढलेला नाही, लॅपटॉपवर टाइप केलेले नाहीत. मग एक्सचेंजवरून हजार रुपयांचं बिटकॉइन पाठवून पाहिलं. अर्ध्या तासात आलं. इतका आनंद झाला की त्याच बैठकीत उरलेलं सगळं पाठवून मोकळा झालो.

काल रात्री इथलाच एक जुना सल्ला वाचला: एकदा उपकरण पुसा आणि शब्दांवरून परत उभं करून बघा, नाहीतर लिहिलेलं बरोबर आहे हे कळणार कसं? पटलं. पुसलं. चोवीस शब्द घातले, उपकरणाने निमूट घेतले. उघडून बघतो तर शिल्लक शून्य. व्यवहारांची यादी कोरी. जणू हे वॉलेट कधी कुणी वापरलंच नाही.

परत पुसलं, परत घातले. तेच.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. वडिलांना कळलं, कारण रात्री दीड वाजता मी वाड्याच्या ओट्यावर बसलेलो त्यांना दिसलो. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्याकडे एक शीट कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणाला घरी सोडत नव्हते. तुझं तर सगळंच कमी भरलंय."

पैसे गेले का? माझं चुकलं कुठे?

मिसळ_कमी_तिखट

उत्तर जाणकार देतीलच. तोवर एक करा, जो कुणी खाजगी निरोप पाठवेल त्याला उत्तर देऊ नका. दहा मिनिटांत येईल बघा.

गोदाकाठचा

अहो, आलाच! "वॉलेट सिंक होत नाहीये, या लिंकवर चोवीस शब्द टाका, आमची टीम दुरुस्त करेल." इंग्रजी इतकं गुळगुळीत होतं की क्षणभर खरंच वाटलं.

रात्रपाळी

त्याला ब्लॉक करा. चोवीस शब्द उपकरणाच्या पडद्याखेरीज कुठेही टाकायचे नाहीत. लिंकवर नाही, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्याला नाही, मलाही नाही.

आता तुमचं बघू. नाणी त्या उपकरणात नसतातच. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या जाहीर वहीत, असतात, उपकरण फक्त किल्ल्या सांभाळतं. म्हणून उपकरण बाजूला ठेवा आणि एक्सचेंजच्या विड्रॉल हिस्टरीत जा. ज्या पत्त्यावर पाठवलंत तो तिथे असेल. तो कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर (ही जाहीर वही दाखवणारी साइट) टाकून बघा, नाणी अजून तिथेच आहेत का.

शब्द चुकीचे लिहिले असतील असं मला वाटत नाही. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा पडताळा गुंफलेला असतो. एखादा शब्द चुकून यादीतलाच दुसरा लिहिला गेला, तर तो पडताळ्यातून निसटण्याची शक्यता २५६ मध्ये एक. तुमच्या उपकरणाने दोन्ही वेळा शब्द घेतले, म्हणजे कागद बहुतेक बरोबर आहे.

तेव्हा दोन गोष्टी सांगा. पत्ता कशाने सुरू होतो? एकाच चोवीस शब्दांतून निरनिराळ्या जातीची बिटकॉइन खाती निघतात. काहींचे पत्ते १ ने सुरू होतात, काहींचे ३ ने, काहींचे बीसी१ ने. ॲपमध्ये भलत्या जातीचं खातं उघडलं तरी शिल्लक शून्यच दिसते. आणि दुसरं, पहिल्या वेळी ॲपने पिनशिवाय आणखी काही विचारलं होतं का? नीट आठवा.

गोदाकाठचा

नाणी आहेत! दोन्ही व्यवहार तिथेच, हललेले नाहीत. जुना पत्ता बीसी१क्यू ने सुरू होतो, आत्ता दिसतोय तोही बीसी१क्यू नेच, पण पुढचं सगळं वेगळं.

आणि हो, विचारलं होतं. "पासफ्रेज" असं काहीतरी होतं. मला वाटलं ॲपचाच पासवर्ड असेल. आमच्या मूळ गावाचं नाव टाकलं, म्हणजे

रात्रपाळी

थांबा. पुढे लिहू नका. गावाचं लिहिलंत तेही खोडा. ते तुमचं दुसरं कुलूप आहे, त्याची किल्ली भर चौकात, रविवार कारंज्यावर का टांगताय?

सापडलं मात्र. पासफ्रेजला काही जण पंचविसावा शब्द म्हणतात. तो कागदावरच्या चोवीस शब्दांत मिसळून, २०४८ वेळा घुसळून किल्ली तयार होते. एक अक्षर बदललं की किल्ली वेगळी, वॉलेट वेगळं. आणि गोम अशी की चुकीचा पासफ्रेज असं काही नसतंच. पिन चुकला तर उपकरण ओरडतं, ठराविक वेळा चुकला तर स्वतःला पुसून टाकतं. पासफ्रेज काहीही टाका, ते मुकाट्याने त्याचं त्याचं एक वॉलेट उघडून देतं. रिकामं. तुम्ही तो टाकलाच नाहीत, म्हणून बिनपासफ्रेजचं घर उघडलं.

गोदाकाठचा

देव भलं करो तुमचं. आत्ता टाकून बघितला. तरीही शून्य. पुन्हा गोळा आला.

सातपूर_लेथ

दादा, मला यातलं फार कळत नाही, पण मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलंत ना? मग स्पेलिंगचा घोळ असणार. आमच्या गेटपासवर एकाच माणसाचं आडनाव तीन तऱ्हांनी असतं. ज्या कागदावरून तुम्हाला ते स्पेलिंग हाताला बसलंय तो कागद शोधा.

रात्रपाळी

लाख बोललात. व्ही की डब्ल्यू, एक ए की दोन, पहिलं अक्षर कॅपिटल की नाही, शेवटी चुकून स्पेस पडली का, कॅप्स लॉक चालू होतं का. एकेक करून बघा. कितीही वेळा चुकलात तरी काही पुसलं जाणार नाही. प्रत्येक वेळी येणारा पहिला पत्ता एक्सचेंजच्या यादीतल्या पत्त्याशी ताडून पाहा. आणि केलेले प्रयत्न कागदावर लिहीत जा, नाहीतर पहाटे तीनला तेच तेच टाकत बसाल.

गोदाकाठचा

सापडलं!!! पावणेतीन वाजता, अकराव्या प्रयत्नाला.

दहावीच्या मार्कशीटवर गावाचं नाव एका तऱ्हेने आहे, रेशनकार्डावर दुसऱ्या. मी आयुष्यभर मार्कशीटचं लिहीत आलो, त्या रविवारी मात्र टेबलावर रेशनकार्ड पडलं होतं. केवायसीसाठी काढलेलं. पत्ता अक्षरन् अक्षर जुळला आणि शिल्लक दिसली. बाबांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "मोजलीस का?"

आता पुढे काय करू? पासफ्रेज बदलता येतो का?

रात्रपाळी

बदलता येत नाही. वेगळा पासफ्रेज म्हणजे वेगळं वॉलेट, नाणी तिकडे पाठवावी लागतात.

माझं मत विचाराल तर पासफ्रेज सोडूनच द्या. ज्याचा तो घरात नीट लिहून, शब्दांपासून वेगळा ठेवला जाणार नाही, त्याला चोरापेक्षा स्वतःचाच धोका जास्त. गावाचं नाव तर ओळखणाऱ्याला पहिल्या फटक्यात सुचेल. तुमचे चोवीस शब्द कुणी पाहिलेले नाहीत, तेव्हा काल ज्या रिकाम्या वॉलेटने तुम्हाला घाबरवलं तेच वापरा. ते तुमचंच आहे, आणि ते शब्दांवरून परत उभं राहतं हे तुम्ही दोनदा पाहिलंय.

त्यातला पत्ता घ्या. लॅपटॉपवर दिसणाऱ्या पत्त्यावर विसंबू नका. कॉपी-पेस्ट करताना मधल्यामध्ये पत्ता बदलणारे व्हायरस असतात. उपकरणाच्या पडद्यावर पत्ता उघडा आणि सुरुवातीची-शेवटची चार अक्षरं बघून न थांबता पूर्ण वाचा. आधी चिल्लर पाठवा. ती आली की उपकरण पुसा, शब्दांवरून उभं करा, चिल्लर दिसते का बघा. दिसली तरच बाकीचं. रविवारी तुम्ही हाच क्रम उलटा केलात.

पावती_ठेवा

ताई म्हणून सांगते, करसल्लागार म्हणून तुमच्या माणसाला विचाराच. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे विक्री नाही. विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. तोटा कशातूनही वजा होत नाही, आणि खरेदीच्या किमतीखेरीज कुठलाही खर्च धरत नाहीत, म्हणजे उपकरणाची किंमत नि नेटवर्क फी खिशातूनच. एक्सचेंज बंद पडलं तर खरेदीचा पुरावा कुठून आणाल? आजच स्टेटमेंट उतरवून घ्या.

गोदाकाठचा

ताई, उतरवलं. चिल्लर पाठवून, पुसून, परत उभं करून, मग बाकीचं असं सगळं झालं.

राहिला तो कागद. आमचा वाडा भांडी बाजाराच्या मागे. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की आम्ही सामान वर न्यायला लागतो, पण सामान आवरताना वहीचं पान कुणाच्या लक्षात राहणार? लॅमिनेट करून घेऊ का?

रात्रपाळी

लॅमिनेशनवाल्याच्या हातात चोवीस शब्द देणार? राव!

सातपूर_लेथ

आता माझ्या कामाचं बोललात. ३०४ ग्रेडची दोन मिलिमीटरची स्टील पट्टी कापून, कडा घासून देतो. पुराने काही होत नाही, आगीतही सहसा टिकते. अक्षरं मात्र तुम्ही घरी ठोका, मला शब्द नकोत. तीन मिलिमीटरचा लेटर पंच सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. ३०४ चिवट असतं, हलक्या हातोडीने नुसता ओरखडा उठेल. खाली जाड लोखंड ठेवा, फरशीवर ठोकलंत तर फरशी जाईल. आधी भंगार तुकड्यावर हात बसवा.

रात्रपाळी

आणि पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. म्हणजे जास्तीत जास्त ९६ अक्षरं. क्रमांक मात्र विसरू नका, क्रम चुकला तर शब्द असून नसल्यासारखे.

गोदाकाठचा

शेवटचा अपडेट. ते जुनं वॉलेट आता रिकामं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही: चांदवड. मार्कशीटवर डब्ल्यू, रेशनकार्डावर व्ही.

बायकोला सांगितलं. ती पैशांबद्दल एक अक्षर बोलली नाही. "मला काही झालं असतं तर तू काय केलं असतंस ते लिहून ठेव" एवढंच म्हणाली. म्हणजे खरं तर उलटं, तिला म्हणायचं होतं, तुला काही झालं तर मी काय करायचं ते लिहून ठेव. दोन पानं लिहिली: उपकरण कुठे, पट्टी कुठे, कुणाशी बोलायचं नाही. शब्द त्यात नाहीत.

पट्टी काल रात्री ठोकली. सातपूरकर दादा, तुमचं खरं, पहिला तुकडा वाया गेला. दुसऱ्या पट्टीवर एक अक्षर उलटं पडलं, त्यावर आडवी खूण मारून शेजारी परत ठोकलं. बाबा चष्मा लावून, बॅटरी धरून बाजूला बसले होते. प्रत्येक ओळ कागदाशी ताडायची, मग बोटाने मोजायची, मग पुढची. संपल्यावर वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा मोजली. चोवीस भरले, तेव्हा मला जेवायला सोडलं.