शेंगेन व्हिसा : जिथे तारीख मिळेल तिथून अर्ज करणं गैर आहे का?

ठाणेकर_भटका :
मे महिन्यात आम्ही चौघं फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला जाणार आहोत. फ्रान्सच्या अपॉइंटमेंटची तारीख काही केल्या मिळेना. टूरवाला म्हणतो, दुसऱ्या एका शेंगेन देशाच्या तारखा मोकळ्या आहेत, तिथल्या हॉटेलची बुकिंग दाखवू, व्हिसा हातात पडला की रद्द करू. शेंगेन व्हिसा एकच, युरोपातल्या त्या गटाच्या सगळ्या देशांत चालतो.

माझ्या मते यात काही गैर नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा आणि दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे, हा नियम मला पाठ आहे. पाळायलाही तयार आहे, पण मग तारखा द्या की! जून २०२४ मध्ये फी ८० वरून ९० युरो केली. अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हिसा सेंटरचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तर छदाम परत मिळत नाही. उलट आपल्याकडे येणारा जर्मन पर्यटक घरबसल्या ई-व्हिसा काढतो. त्याच्याकडे ना कोणी बँक स्टेटमेंट मागत, ना पगाराच्या स्लिपा. नियम एकतर्फी असले की लोक पळवाटा काढणारच.

जुना_बँकवाला :
तारखांची तक्रार शंभर टक्के रास्त. पुढचं सगळं अमान्य. अर्जाच्या शेवटी तुम्ही सही करता ना, त्याच्या वरचा मजकूर वाचा. दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर अर्ज नाकारला जाईल किंवा मिळालेला व्हिसा रद्द होईल, असं तिथे लिहिलेलं असतं. सही टूरवाल्याची नसते, तुमची असते. विमानतळावर अधिकाऱ्याने "कुठे राहणार?" विचारलं आणि पॅरिसचं हॉटेल दाखवलंत, तर तो व्हिसा कोणत्या देशाने दिलाय तेही बघणार. आणि एकदा नकार आला की ती नोंद बाकीच्या शेंगेन देशांनाही दिसते.

ठाणेकर_भटका :
काका, प्लॅन बदलणं हा गुन्हा कधीपासून झाला?

जुना_बँकवाला :
प्लॅन बदलणं वेगळं आणि जायचंच नाही अशा गावची हॉटेलं दाखवणं वेगळं. तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले आहेत, दोन्हींतला फरक कागद हातात घेतल्यावर कळतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक तीन लाख जमा झालेले असतात ना, तोच प्रकार.

निफाडचा_द्राक्षवाला :
तुमचं भांडण रांगेवरून चाललंय. आमच्यासारख्यांना रांगेत उभं राहूनही उपयोग होत नाही, त्यावर बोला कोणीतरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न भरत नव्हतो. पगाराची स्लिप कुठून आणू? सातबारा आणि आठ-अ इंग्रजीत भाषांतर करून, नोटरीचे शिक्के मारून जोडले. ऑक्टोबरच्या छाटणीआधी मला बागेत हजर असावंच लागतं, हेही कव्हरिंग लेटरमध्ये लिहिलं. उत्तर आलं छापील. परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे, या ओळीपुढे खूण. आठ एकर बाग सोडून मी काय तिकडे भांडी घासायला राहणार आहे? आमच्या तालुक्यातली द्राक्षं दर हंगामात कंटेनर भरून नेदरलँड्सला उतरतात, त्यांना कोणी इरादा विचारत नाही.

म्हणून ठाणेकरांना पूर्ण पाठिंबा. खरं लिहून काय मिळालं?

सिंहगडरोड_मावशी :
निफाडकर, तुमचा राग समजतो. पण कर लागत नसला तरी रिटर्न भरायला लागा, शेतीचं उत्पन्न त्यात दाखवता येतं. सातबारा तिथल्या माणसाला वाचता येईलच असं नाही, रिटर्न येतो.

ठाणेकर, तुम्हाला वेगळं सांगते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवी सोय आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळतो. त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. म्हणजे हिशोब "नियमाने वापरले" यावर आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरच्या शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद सुरू झालीय. कोणत्या नाक्यावरून आत शिरलात, कुठून बाहेर पडलात, सगळं राहतं. एका सहलीसाठी पुढच्या व्हिशांवर पाणी का सोडायचं?

जुना_बँकवाला :
मावशींना +१. आणि तारखांचं म्हणाल तर अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आपण तिकिटं स्वस्त दिसली की मग जागे होतो.

ठाणेकर_भटका :
सहा महिने आधी मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक तुम्ही आणून देणार का? :)

आणि मावशी, ही सोय ज्यांचे दोन व्हिसे झालेत त्यांच्यासाठी. आमची पहिलीच खेप आहे. दार उघडण्याचाच वांधा आहे.

सिंहगडरोड_मावशी :
मग सरळ मार्ग घ्या. स्वित्झर्लंडच्या तारखा बघितल्यात का? मिळत असतील तर तिथल्या रात्री वाढवा, पॅरिसच्या कमी करा आणि स्वित्झर्लंडकडेच अर्ज टाका. खोटं एक अक्षर लिहावं लागणार नाही. टूरवाल्याने हे सुचवलं नाही, कारण त्याला सगळं पॅकेज नव्याने बांधावं लागेल.

ठाणेकर_भटका :
तारखा बघतो. पण चार माणसांचं स्वित्झर्लंडमधलं हॉटेलभाडं पाहिलंय का तुम्ही? इंटरलाकेनच्या दोन रात्री वाढवल्या तर जुंगफ्राऊच्या डोंगरावर जाणारी ट्रेन खालूनच बघावी लागेल.